लाइट लागतो, पण चाक ओढत नाही

ज्याने मला गाडी विकली, त्याने ट्रान्सफर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या पेटीचा, दांडा मागे ओढून दाखवला. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला. "बघा, एकदम टकाटक." मी समाधानाने मान डोलावली आणि पुढची दोन वर्षं तो दिवा म्हणजेच फोर बाय फोर, असं समजून चालत राहिलो. ओल्या मातीत कधी गरज वाटली की दांडा ओढायचा, दिवा लागायचा, गाडी निघायची. ती तशीही निघाली असती, हे आता कळतंय.

गाडी वीस वर्षांची. टर्बो नसलेलं डिझेल इंजिन, सस्पेन्शनला मागे पाटे, पुढे टॉर्शन बार आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, जे लॉकवर फिरवले की चाक शाफ्टला जोडलं जातं. मीटरवर दोन लाख अडतीस हजार किलोमीटर, म्हणजे मीटर खरा असेल तर. आम्हा दोघांना तीन आठवडे डोंगरात काढायचे होते, चार हजार मीटरवरच्या खिंडी ओलांडत, तंबूत राहत. हाताशी चार महिने होते. त्यातला पहिला आठवडा मी कशात घालवला? टपावरचं करिअर बघितलं, जादा दिवे बघितले आणि फ्रिज किती लिटरचा घ्यावा यावर तीन संध्याकाळी खर्ची घातल्या. चौथ्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अरे, फ्रिजचं ठीक आहे. पण गाडी तिथवर जाईल ना?"

म्हणून मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढची बाजू जॅकवर उचलायला लावली, खाली स्टँड दिले, मागच्या चाकांना दगड लावले. दोन्ही हब लॉकवर फिरवले आणि म्हणाले, "आता चाक हाताने फिरव, पण नजर आत ठेव."

उजवं चाक फिरवलं. त्याच्या मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट (चाकाला ताकद पोहोचवणारा दांडा) रबरी बुटासकट चाकाबरोबर फिरला. डावं चाक फिरवलं. चाक फिरलं, शाफ्ट जागच्या जागी. त्या बुटावर वाळलेल्या चिखलाचा एक ठिपका होता. मी चाकाला चार वेढे दिले, ठिपका काही हलला नाही.

काका हसले. "दिवा लागतो ना?"

"लागतो."

"दिव्याला फक्त दांडा कुठे आहे ते कळतं. चाकाचं त्याला काय माहीत!"

मला आधी वाटलं, एकच हब बिघडलाय, म्हणजे निदान तीन चाकं तरी ओढत असतील. तसं नसतं. पुढचं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची जोडणी, साधं, लॉक नसलेलं. ते दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि एक बाजू मोकळी सुटली की सगळं फिरणं त्या बाजूला जातं. माझ्या गाडीत डावा शाफ्ट हवेत गरगर फिरत बसायचा आणि उजव्या चाकाला काहीच मिळायचं नाही. एका हबापायी पुढची दोन्ही चाकं नुसती सोबतीला. दोन वर्षं मी टू बाय फोर गाडी ऐटीत चालवत होतो.

हबचे सहा बोल्ट काढल्यावर आत जुनं ग्रीस दिसलं. ग्रीस कसलं, तपकिरी मेणच. सरकणारी दातेरी रिंग त्यात घट्ट रुतून बसली होती. बाहेरची टोपी लॉकवर फिरायची, आत रिंग ढिम्म. डिझेलमध्ये भिजवून, ब्रशने दाते एकेक करून घासले. परत बसवताना मी बोटभर ग्रीस घेतलं, तर काकांनी हात धरला. इथे ग्रीस पातळ आणि जेमतेम लावायचं. जास्त भरलं की थंडीत घट्ट होतं आणि रिंग पुन्हा अडकते, म्हणजे आजचाच आजार परत. रात्री साडेआठला हब फिरवला, आतून स्पष्ट 'टक्' आवाज आला, आणि चिखलाचा ठिपका चाकाबरोबर वर गेला.

त्या रात्रीच ठरवलं: गाडी खालपासून उघडून होईपर्यंत तिच्यावर एकही नवी वस्तू चढवायची नाही. करिअर महिनाभर भिंतीला टेकून उभं राहिलं.

पुढचा रविवार मागच्या डिफरन्शियलचा. मी उत्साहाने ऑइल सोडायचा खालचा बोल्ट ढिला करायला घेतला, तोच काका ओरडले, "आधी वरचा!" वरचा म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट. जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असू शकतो. खालून सगळं ऑइल सांडून बसलात आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी जागेवरच राहिली. आमचा वरचा बोल्ट खरोखरच अडला होता, आणि त्याच्या कडा कुणीतरी चुकीच्या पान्याने गोल करून ठेवलेल्या. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी छिन्नीने एका कडेवर हातोडीचे हलके ठोके देत देत तो एकदाचा फिरवला. मग खालचा उघडला.

जे बाहेर आलं ते दुधाळ चहाच्या रंगाचं होतं. गिअर ऑइलमध्ये पाणी. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. अ‍ॅक्सलच्या डोक्यावर श्वास घ्यायला एक छोटी टोपी असते, ब्रीदर. ती मातीने पार लिंपली होती. गाडी चालून अ‍ॅक्सल तापतो आणि तसाच थंड ओढ्यात उतरतो. आतली हवा आकसते, बाहेरून हवा ओढायला बघते. वरची वाट बंद असेल तर ऑइल सीलच्या फटीतून पाणी ओढते. सील एकदा हरले की उलटाही प्रवास सुरू होतो: मागचा डावा ड्रम उघडला तर ब्रेकचा लायनर गिअर ऑइलने भिजलेला. म्हणजे एका चिमूटभर मातीने आधी डिफरन्शियल नासवलं, मग ब्रेक. सील बदलले, लायनर दोन्ही बाजूंचे बदलले, आणि ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून ती मागच्या दिव्याच्या आत उंचावर नेऊन बांधली. अख्ख्या तयारीतलं हे सगळ्यात स्वस्त काम असेल, आणि मी सगळ्यांना हेच आधी करायला सांगतो.

ऑइलबद्दल एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. डिफरन्शियलला ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. तोच डबा उरला म्हणून मी गिअरबॉक्सलाही वापरणार होतो. गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी मात्र जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ मध्ये जड दाबासाठी गंधकाची जी रसायनं जास्त असतात, ती जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या कड्यांना) मानवतीलच असं नाही. जुनी गाडी घेतली की तिचं पुस्तक आधी मिळवावं. माझं पहिल्या मालकाच्या कप्प्यात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, कुणी कधी न उघडलेलं.

मग इंजिन. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत कुलंट नव्हतंच, गंजाचं तांबूस पाणी होतं. ते सोडलं, आतून धुतलं, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवणारी झडप, तपासायला वरचं घर उघडलं, तर घर रिकामं! कुणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. "काढून टाका, गाडी थंड राहते," हा सल्ला मीही ऐकलेला आहे. उकाड्यात तो खपून जातो. डोंगरातल्या थंडीत मात्र इंजिन कधी नीट तापतच नाही. डिझेल जास्त पितं, सकाळी पांढरा धूर ओकत राहतं आणि केबिनचा हीटर कोमट फुंकर घालत बसतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात तापवून तो उघडतो का ते पाहिलं. उघडला. हे पाहायला मला लहान मुलासारखी मजा आली.

कुलंट निम्मं आणि पाणी निम्मं. मला वाटायचं, जितकं जास्त कुलंट तितकं चांगलं. पण निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो आणि निव्वळ ग्लायकॉल त्याच्या कितीतरी आधी, उणे १३ च्या सुमारास गोठतं. झाकणही नवं घेतलं. चार हजार मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटर तिथे तग धरतो तो झाकणाने राखलेल्या दाबावर. झाकणाचं रबर मेलं असेल तर चढावर गाडी उकळणार आणि दोष मात्र इंजिनला.

बाकी रबराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती एकसुरी आहे: सगळं बदललं. होज पाइप, फॅन बेल्ट, शॅकलचे बुश, डिझेलच्या नळ्या. टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची नोंद नव्हती, म्हणून तोही. वीस वर्षांचं रबर बाहेरून कितीही गुळगुळीत दिसो, दोन बोटांत दाबलं की आत करकरतं. जुने होज आणि बेल्ट त्यातल्या त्यात बरे होते. ते फेकले नाहीत, सुटे भाग म्हणून सोबत घेतले. मापाला बरोबर बसतात याची खात्री तरी होती.

टायरच्या बाबतीत फसलो ते स्टेपनीवर. चार टायर नवे घेतले, एकाच मापाचे आणि एकाच कंपनीचे. स्टेपनी तर कोरी दिसत होती, अंगावरचे रबरी केससुद्धा शाबूत. बाजूच्या भिंतीवर उत्पादनाचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिच्यावर ४२०९ होतं. २००९ सालचा बेचाळिसावा आठवडा. टॉर्च मारून पाहिलं तर खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा. तिने आयुष्यात रस्ता पाहिलाच नव्हता आणि तरीही म्हातारी झाली होती.

शिवाय ती गाडीच्या पोटाखाली साखळीवर टांगलेली, आणि साखळी गंजून खाली येईना. हा शोध घराच्या अंगणात लागला म्हणून बरं. अंगणात आणखी दोन शोध लागले. व्हील नट कुणीतरी हवेच्या गनने असे कसले होते की गाडीसोबतच्या पान्यावर मी दोन्ही पायांनी उभा राहिलो, तरी हलेनात. मग पान्याला सरकवायला हातभर लांब लोखंडी पाइप घेतला. आणि जॅक. पक्क्या जमिनीवर छान चालायचा. मऊ मातीत गाडी वर जायच्या ऐवजी तोच खाली जायला लागला. त्याच्याखाली ठेवायला फूटभर चौरस जाड प्लायवूडचा तुकडा कापला. बायकोने एकटीने, माझी मदत न घेता, एक चाक काढून परत बसवेपर्यंत आम्ही अंगणातून उठलो नाही. तिला बेचाळीस मिनिटं लागली. दुसऱ्यांदा एकोणीस.

आता सामान चढवायची वेळ आली. भिंतीजवळचं करिअर चढलं, त्यावर मित्राकडून आणलेला टपावरचा तंबू, मागे मी स्वतः हौसेने केलेले प्लायवूडचे ड्रॉवर, पाणी, जादा डिझेल, अवजारं, दुसरी स्टेपनी. मागचे पाटे सपाट झाले. मी म्हणालो, "एखादा पाटा वाढवून घेऊ." बायको म्हणाली, "आधी वजन तरी कर." आम्ही दोघं आत बसून, टाकी भरून, गाडी वजनकाट्यावर घातली. कागदावर मंजूर वजन २,४८० किलो. काटा म्हणाला २,६१०. मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली: १,५३० किलो, आणि मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १,४००. पाटा वाढवला असता तर गाडी सरळ दिसली असती, एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक यांची मर्यादा पाट्याने वाढत नाही.

घरी येऊन बायको काटा आणि वही घेऊन बसली. प्रत्येक वस्तू काट्यावर. माझे लाडके ड्रॉवर ६८ किलोंचे निघाले. रिकामे! टपाची मर्यादा पुस्तकात ७५ किलो, करिअरसह. करिअर ३८, तंबू ५८. शिवाय ते वजन सगळ्यात उंचावर, म्हणजे आडव्या उतारावर गाडी कलली की नेमकं नको तिकडे ओढणारं. तंबू मित्राला परत गेला, त्याच्या जागी सहा किलोंचा जमिनीवरचा आला. ड्रॉवर गेले, प्लॅस्टिकचे क्रेट आले, तेही सहा किलोंचे. दुसऱ्या स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट आणि हवेचा पंप. अवजारांतून वीस किलो काढताना मात्र भांडण झालं. "हा पाना नेमका कशाचा?" ती एकेक उचलून विचारायची. गाडीतला कुठलाही नट ज्याला बसत नाही, तो पाना घरी राहील, असा नियम झाला आणि निम्मी पेटी घरी राहिली. पुन्हा काट्यावर: २,४५०. जड वस्तू खाली, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे. मागचा पाटा आता न वाढवताच सरळ दिसत होता.

निघण्याआधी तीन आठवडे, सगळं सामान घेऊन दोन रात्रींची रंगीत तालीम केली. जवळच्याच डोंगरात, पण थंडीत. पहिल्या सकाळी सेल्फने नुसतं 'टिक' केलं. फ्रिजने रात्रभरात बॅटरी प्यायली होती. मीटरवर ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. त्यात थंडीने बॅटरी आधीच अर्धमेली, आणि डिझेल इंजिनाला हीटर प्लग आणि सेल्फ मिळून भरपूर करंट लागतो. नशिबाने गाडी उतारावर होती. परतल्यावर फ्रिजसाठी वेगळी बॅटरी बसवली आणि मधे असा रिले, की इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्यांचा संबंध तुटावा.

खरी चूक उतरताना कळली, आणि ती पूर्णपणे माझी होती. अकरा किलोमीटरचा सलग उतार. मी तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून गप्पा मारत उतरत होतो. सातव्या-आठव्या वळणावर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेलं. दुसरा गिअर, मग पहिला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. बायको एक शब्द बोलली नाही. पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली आणि जाऊन एका दगडावर बसली.

लायनर बदलताना मी ब्रेक ऑइल फक्त मागच्या चाकांतून काढलं होतं. वरच्या डब्यातलं स्वच्छ दिसलं, म्हणून पुढचं राहू दिलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ दर्जाचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांना उकळतं, आणि ओलावा धरलेल्या स्थितीत हीच मर्यादा १५५ वर येते. पुढच्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या चिमट्यात) कोण जाणे किती वर्षांचं ऑइल होतं. ते उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, आणि वाफ दाबली की नुसती दबते, ब्रेक लागत नाही. तासाभराने पेडल परत आलं. उरलेला उतार ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून अगदी हळू गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरलो. रस्ता खडीचा होता म्हणून ते चाललं. कोरड्या डांबरावर हा प्रकार करत नाहीत, कारण पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि मधल्या शाफ्टांना पीळ पडतो.

घरी आल्यावर चारही चाकांतून ऑइल बदललं. पुढच्या डाव्या कॅलिपरमधून जे निघालं ते काळ्या कॉफीसारखं होतं. ते एका बाटलीत भरून काकांना दाखवायला नेलं. त्यांनी बाटली उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि परत दिली. एवढंच.

शेवटच्या आठवड्यात फारसं काही उरलं नव्हतं. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडलं, व्हील नट पुन्हा कसले, ग्रीस गन घेऊन गाडीखाली एक फेरी मारली. सायलेन्सरचा एक जोड फुरफुरत होता, तो बंद करून घेतला. वर काचा लावून हीटर चालवायचा तर धूर आत येणं परवडणारं नव्हतं.

पाचव्या दिवशी, दुपारच्या उन्हाने फुगलेला पहिला ओढा लागला. वितळलेल्या बर्फाचं पाणी, तळाला गोटे. गाडी अलीकडे थांबवली. आधी पायी जाऊन खोली बघून आलो, गुडघ्याच्या खाली होती. तोवर अ‍ॅक्सलही जरा निवले. मी उजवा हब फिरवला, बायकोने डावा. दांडा ओढला, दिवा लागला.

"लागला रे," ती बाहेरून म्हणाली. मग मला थांबायची खूण केली. "दांडा परत टूवर घे. आणि तीनच फूट पुढे घे. अगदी हळू."

ती बाजूला सरून, वाकून, डाव्या चाकाच्या मागे बघत उभी राहिली. मी क्लच सोडला.

"फिरतोय! चल."